बोर्डाला कॅलेंडर कशाला?

हा एक्स्टेंशन बोर्ड नीट बघा. सहा सॉकेट, एक लाल बटण, एक वायर, संपलं. आत घड्याळ नाही, चिप नाही, आज सोमवार आहे का गुरुवार याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, तरी याच्या पोटावर स्टिकर आहे, वाय-टू-के कंप्लायंट, म्हणजे 2000 साल उजाडलं तरी तारखेच्या घोळाने बिघडणार नाही. 1999 साली अमेरिकेतल्या दुकानात असली स्टिकरं स्पीकरवर होती, माऊसवर होती. म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्री बारा वाजले तरी वायर ही वायरच राहील याची कंपनीकडून गॅरंटी!

आता हसू येतं, पण भानगड खोटी नव्हती हां. जुन्या कॉम्प्युटरला माहिती द्यायची ती भोकं पाडलेल्या पंचकार्डावर, त्यावर जागा 80 कॉलमची, मेमरी महाग, म्हणून प्रोग्रामर लोकांनी 1965 च्या जागी नुसतं 65 लिहिलं, म्हटलं 2000 सालापर्यंत हे कोण वापरणार. वापरत होते ना! 99 मधून 65 गेले की नोकरीची 34 वर्षं, पण 00 मधून 65 गेले की उणे 65. पेन्शन, विमा, बँकेचं व्याज, सगळीकडे हीच वजाबाकी.

मग सुरू झाली पत्रापत्री. बँक सप्लायरला म्हणते, तुमचा माल 2000 ला चालेल असं लिहून द्या, सप्लायर त्याच्या सप्लायरला म्हणतो, आणि वकिलांना कोर्टाची एवढी धास्ती की ऑक्टोबर 1998 मध्ये अमेरिकेत खास कायदा आला, प्रामाणिकपणे दिलेली माहिती चुकली तर कंपनीला संरक्षण. मग फाइल पुरी करायची म्हणून ज्याच्यात तारीखच नाही त्याचंही पत्र. आणि दुकानात दोन बोर्ड शेजारी, एकावर स्टिकर, एकावर नाही, तुम्ही कुठला उचलाल?

त्या रात्री सगळंच बंद पडेल या भीतीने लोकांनी पाण्याचे कॅन भरले, डबाबंद खाणं, बॅटऱ्या, जनरेटर. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, तिने 50 अब्ज डॉलरच्या जादा नोटा तयार ठेवल्या.

खरं काम चाललं होतं ते बिनस्टिकरचं. कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या ओळीच्या ओळी वाचत एकेक तारीख हुडकायची, आणि त्यात मुंबई-पुण्याची कितीतरी पोरं होती, एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठीचा व्हिसा, त्याचा वर्षाचा कोटा 65 हजारांवरून 1 लाख 15 हजार झाला तो याच काळात. आता घरी फोनवर काय सांगणार, आई, मी तारखा दुरुस्त करतो?

1 जानेवारी 2000 ला दिवे चालू. न्यूयॉर्क राज्यातल्या एका व्हिडिओच्या दुकानात मात्र कॅसेट परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरने लेट फी लावली, 91,250 डॉलर, कारण कॅसेट म्हणे 100 वर्षं उशिरा आली. आणि अख्ख्या अमेरिकेला बरोबर वेळ सांगणारी नेव्हल ऑब्झर्व्हेटरी, तिच्याच वेबसाइटवर साल झळकलं 19100.

बोर्ड अजून चालतो. स्टिकर नखाने खरवडून बघितलं, निघत नाही.