बालगंधर्व रंगमंदिर: पाडायचे, की नीट करायचे?

नमस्कार. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिर पाडून त्या जागी नवे संकुल उभारण्याची कल्पना 2018 साली महापालिकेच्या अंदाजपत्रकातून पुढे आली आणि तेव्हापासून रंगकर्मी, प्रेक्षक व कारभारी यांच्यातील वाद अधूनमधून पुन्हा पेटतो. त्यात होणारी एक गल्लत आज उलगडून पाहू.

आधी प्रश्न असा की, ही वास्तू ऐतिहासिक म्हणायची का? केंद्राच्या 1958 च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक किमान 100 वर्षांचे असावे लागते, आणि रंगमंदिराचे उद्घाटन तर 26 जून 1968 रोजी झाले. कायद्याचा तो आधार इथे मिळत नाही. मात्र 1962 साली भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले होते. 1967 साली ते गेले, त्यामुळे आपल्या नावाच्या रंगमंचावरचा पडदा उघडलेला त्यांना दिसला नाही. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन भव्य तैलचित्रे, एक स्त्रीवेशातील आणि एक पुरुषवेशातील, आजही इथली ओळख आहेत. चित्रे नव्या इमारतीत नेता येतील. ज्या जागेवर त्या नटाने कुदळ मारली, ती जागा आणि तिच्यावरची वास्तू यांचे नाते नेता येणार नाही.

आता पाडण्याच्या बाजूचे म्हणणे. महापालिकांच्या नाट्यगृहांविषयी कलावंतांच्या तक्रारी जुन्याच आहेत: तुंबलेली स्वच्छतागृहे, ऐन प्रयोगात दगा देणारी वातानुकूलन यंत्रणा, रंगपटातले डास. या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या इमारतीच्या वयाच्या नसून देखभालीच्या आहेत, आणि हीच ती गल्लत. नळ गळतो म्हणून कोणी घर पाडत नाही. शिवाय देखभाल न करणारी यंत्रणा तीच राहिली, तर नव्या संकुलातले नळही गळतील. याउलट चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाला आसनापर्यंत पोहोचता येणे, नेपथ्याचा ट्रक थेट रंगमंचामागे लागणे, वाहनांना जागा असणे, हे प्रश्न मूळ रचनेचे आहेत आणि ते निव्वळ डागडुजीने सुटत नाहीत, हे वास्तू जपू पाहणाऱ्यांनीही मोकळेपणाने मान्य करावे. म्हणून संरचनेच्या तपासणीचा अहवाल लोकांपुढे ठेवून तक्रारींची ही वाटणी आधी करावी, असे माझे मत आहे.

जपणे म्हणजे हात न लावणे, असा समज असेल तर कोल्हापूरकडे पाहावे. शाहू महाराजांच्या काळात, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत सापडले. लाकडी रंगमंच आणि छप्पर जळाले, दगडी भिंती उरल्या. ते होते तसेच पुन्हा उभारा, अशी मागणी लगेच झाली. जुन्या वास्तूत नवी वीजवाहिनी, आगीची सूचना देणारी यंत्रणा आणि पाण्याची सोय करणे हा जतनाचाच भाग मानावा लागतो.

राहता राहिला तारखांचा प्रश्न, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. रंगमंदिर पाडले, तर बांधकामाची सगळी वर्षे इथले प्रयोग भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक आणि कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह यांच्यावर येऊन पडतील. तिथे आजच शनिवार-रविवारच्या तारखांसाठी नाट्यव्यवस्थापकांची ओढाताण असते. पुनर्विकासाच्या कोणत्याही आराखड्यात पहिले पान या वेळापत्रकाचे असावे.