दिवाणी दाव्यात तारीख वाढवून मागताना

मित्रहो, इंदूरच्या मराठी घरांत दिवाणी दावा म्हटला की तो बहुधा वाटपाचाच असतो. रामबागेत आजोबांचे घर, एक भाऊ त्यात राहतो, दुसरा पुण्यात स्थायिक, बहीण नागपूरला, आणि दर पेशीला कुणाला तरी येणे जमत नाही. मग तहकुबीचा अर्ज लिहिला जातो. त्यात आपल्या अडचणीचे सविस्तर वर्णन असते. परंतु न्यायाधीशांना ज्याचा विचार करावाच लागतो ती गोष्ट, म्हणजे या तहकुबीने समोरच्याचे काय नुकसान होणार आणि ते कोणी भरून द्यायचे, तिचा अर्जात उल्लेखही नसतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 हिच्या आदेश 17 मध्ये याचे नियम आहेत. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय मुदत देऊ शकते, मात्र कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, अशी अट 1 जुलै 2002 पासून लागू आहे. पक्षकाराच्या हाताबाहेरची खरीच आपत्ती असेल तर ही मर्यादा ओलांडता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात स्पष्ट केले. मात्र चुलतभावाच्या मुलीचे लग्न ही आपत्ती नव्हे. त्याची पत्रिका महिनाभर आधी घरात आलेली असते. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत हे कारण तर संहितेने नाव घेऊनच नाकारले आहे, आणि तरी रोज तेच ऐकू येते. वकील आजारी असल्यास, वेळेत दुसरा वकील नेमणे का शक्य नव्हते, हे न्यायालयाला पटवावे लागते.

आता साक्षीच्या दिवसाचे उदाहरण घेऊ. प्रतिवादीचा सत्तरीचा साक्षीदार पुण्याहून रात्रभर प्रवास करून आला आहे, सकाळपासून बाकावर बसला आहे, आणि पुकारा झाल्यावर वादीचे वकील उलटतपासणीसाठी तारीख मागतात. साक्षीदार हजर असताना पक्षकार तयार नसेल, तर न्यायालय साक्ष नोंदवून घेऊन उलटतपासणीशिवायही पुढे जाऊ शकते. वादीला खरोखरच अडचण असेल, तर त्याने चार दिवस आधी अर्जाची प्रत समोरच्या वकिलांना द्यायला हवी होती, म्हणजे त्या वृद्धाचे येणे टळले असते. आणि तेवढा वेळ नव्हताच, तर प्रवासखर्च देण्याची तयारी अर्जातच लिहायला हवी होती. तहकुबीबरोबर खर्चाचा हुकूम करणे हे आता न्यायालयाचे कर्तव्यच आहे, तेव्हा तो आपणहून देऊ करण्यात कमीपणा कसला? उलट कलम 35-ख खाली लादलेला खर्च पुढच्या तारखेला भरला नाही, तर दावा किंवा बचाव पुढे चालवण्याची वाटच अडते.

अर्जाला पुरावा जोडावा, हे सांगायला नको. रुग्णालयाचा दाखला दाखल झाल्याच्या तारखेसह असावा. ‘प्रकृती अस्वस्थ आहे’ एवढ्या चिठ्ठीला वजन नसते. आणि आई अंथरुणाला खिळली असेल, तर तिच्यासाठी दरवेळी तारीख मागत राहण्यापेक्षा आदेश 26 खाली आयुक्त, म्हणजे न्यायालयाच्या वतीने साक्ष घेणारी व्यक्ती, नेमून घरीच तिची साक्ष नोंदवण्याची विनंती करणे अधिक शहाणपणाचे, कारण सहा महिन्यांनीही ती न्यायालयाचे जिने चढू शकेल असे नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अर्ज रीडरकडे, म्हणजे न्यायाधीशांच्या कारकुनाकडे, दिला म्हणजे तारीख मिळाली असे समजून पुष्कळजण घरी निघून जातात. त्यावर हुकूम होईपर्यंत तिथेच थांबावे आणि साक्षीची तयारी ठेवूनच यावे, कारण अर्ज फेटाळला गेला तर काम त्याच दिवशी पुढे चालते. गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला सर्वसाधारणपणे 30 दिवसांचीच मुदत असते आणि त्या दिवशी न येण्याचे पुरेसे कारण तिथे पुन्हा सिद्ध करावे लागते.