दवाखान्यापर्यंत न पोचलेलं दुखणं

(दृश्य : रोजनिशीचं एक पान, पेनाने भरलेलं.)

आज सगळ्यात जास्त दुखलं ते किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, नऊ म्हणजे सहनशक्तीपलीकडचं. आज क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा जोराचा झटका, आली का? तातडीने दवाखाना गाठावा लागला का?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या २३२ जणांनी, काहींनी तर सहा महिने, रोज हे पान भरलं. डॉ. वॉली स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सगळी पानं जुळवली. हिशेब लागला ३१,०१७ दिवसांचा, आणि २००८ साली तो छापून आला.

तोवर डॉक्टर मंडळींचा समज साधा होता. सिकलसेलचं दुखणं म्हणजे झटका. येतो, अंथरुणाला खिळवतो, सलाईन-इंजेक्शनाने उतरतो, आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. पण या वह्यांमध्ये निम्म्याहून जास्त, ५४.५ टक्के दिवस दुखण्याचे निघाले. तातडीच्या उपचारांसाठी धावाधाव झाली ते दिवस मात्र फक्त ३.५ टक्के. दर दहांतल्या जवळपास तिघांना तर बहुतेक रोजच दुखत होतं.

बाकीचं सगळं दुखणं घरातच सोसलं गेलं. आणि दवाखान्याच्या केसपेपरवर जे येत नाही, ते तोवर आजारात धरलंच गेलं नव्हतं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी.)

ऑक्सिजन कमी पडला की या पेशी वाकतात, ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही, आणि कळ उठते. खुब्याच्या हाडाचं डोकं असं उपाशी राहून झिजलं, तर चालताना, बसताना, कूस बदलताना ठणका राहतोच. त्याचं कारण निदान एक्स-रेमध्ये दाखवता येतं.

खुबा शाबूत असूनही ज्यांचं दुखतं, त्यांचं काय? पुन्हा पुन्हा कळा सोसून मज्जातंतू आणि मेंदूच हळवे होतात, असं आता संशोधक मानतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये डॉ. अमांडा ब्रँडो यांनी त्वचेवर हळूहळू गार होत जाणारी पट्टी ठेवून मोजलं. इतरांना जे नुसतं गार लागतं, ते सिकलसेलच्या रुग्णांना आधीच दुखायला लागतं. मिनेसोटात डॉ. कल्पना गुप्ता यांनी उंदरांवर काम करून दाखवलं, की शरीरातल्या मास्ट पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या एक प्रकारच्या पेशी, या वेदनेला खतपाणी घालतात.

(दृश्य : रोवणी चाललेली धानाची बांधी.)

गडचिरोली, गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून बांधीतल्या पाण्यात उभ्या असतात. वर पाऊस, खाली चिखल. त्यांच्यातल्या एखादीला सिकलसेल असेल, तर त्या गारव्याने दुखणं उसळू शकतं. रोज बुडवून चालत नाही, म्हणून ती उभी राहते. घरी कुणी म्हणतं, कामाचा कंटाळा आहे. दुखण्याचा रक्तातून रिपोर्ट निघत नाही, हे तिच्या वाट्याला आलेलं सगळ्यात वाईट.

आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असंही बरीच वर्षं म्हटलं गेलं, कारण इथल्या रुग्णांत बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं आणि ते पेशींना सहज वाकू देत नाही. नागपुरात जन्मापासून ज्या बाळांवर लक्ष ठेवलं गेलं, त्यांच्यात मात्र गंभीर त्रासही दिसला. सौम्य म्हणून दुर्लक्ष करायला जागा नाही.

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने झटके बरेच कमी होतात, हे १९९५ साली सिद्ध झालं. ती प्रत्येकापर्यंत पोचलीच पाहिजे. पण हळव्या झालेल्या मज्जातंतूंचं रोजचं दुखणं एवढ्याने थांबेलच असं नाही, आणि त्यावर वेगळं संशोधन हवं. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणी हवीच. ज्यांना आजार निघाला, त्यांच्यापर्यंत आशाताई जातील तेव्हा त्यांच्या वहीत आणखी एक रकाना असायला हवा : कुठे दुखतं, महिन्यातले किती दिवस, रात्री झोप लागते का, कामावर किंवा शाळेत जाता येतं का.