रोबोटलाही लहानपण पाहिजे

हे जे दिसून राहिलं ना, ते नागपुरातलं, धरमपेठेतलं घर आहे. ही चिमुरडी सोफा धरून उभी आहे, आता हात सोडला, दोन पावलं टाकली अन् धप्पकन बसली! आजी म्हणते "उठ बाई, उठ", आणि ती उठते. न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या टीमने २०१२ मध्ये अशा १२ ते १९ महिन्यांच्या पोरांचं खेळणं मोजलं, तर तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं.

आता रोबोटचं पाहा. त्याला कुणी पडूच देत नव्हतं. इंजिनियरने प्रत्येक सांध्याचा हिशोब आधीच लिहून द्यायचा, मग कारखान्यात काम एकदम मस्त, पण फरशी जरा वरखाली झाली की खेळ खल्लास. खरं तर कॉम्प्युटरशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० मध्येच सुचवलं होतं, की मोठ्या माणसाचं डोकं बनवण्यापेक्षा लहान मुलाचं बनवा आणि त्याला शिकवा.

इटलीत जिनोव्हाला तसाच एक पोरगा आहे, आयकब नावाचा रोबोट. उंची १०४ सेंटीमीटर, अंगात ५३ मोटर. असा रोबोट आधी नुसता हात हलवतो, कसाही, आणि डोळ्यातल्या कॅमेऱ्याने स्वतःचाच हात पाहतो, मग कोणती मोटर फिरवली की हात कुठे जातो हे त्याला हळूहळू कळायला लागतं, कुणी सांगितलेलं नसतं, पाळण्यातलं बाळ मुठीकडे टक लावून पाहतं ना, तेच हे.

आणि सगळं डोक्यातच असतं असंही नाही बरं का. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं, दोनेक महिन्यांनी ते बंद होतं. लोकांना वाटायचं, मेंदू बदलला. मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांनी अशा बाळांना पाण्यात उभं धरलं, तिथं पाय हलके झाले, आणि पुन्हा चालू! मांड्या गुबगुबीत झाल्या होत्या, ताकद तेवढी वाढली नव्हती, एवढंच. मला तर हा प्रयोग फार म्हणजे फारच आवडतो.

म्हणून रोबोटचं शरीरही हळूहळू वाढू द्यायला पाहिजे. रोबोटवर संशोधन करणारे जॉश बोंगार्ड यांनी २०११ मध्ये कॉम्प्युटरमधल्या रोबोटना आधी सापासारखं सरपटू दिलं, पाय नंतर फुटू दिले. ज्यांना पहिल्या दिवसापासून पाय होते, त्यांच्यापेक्षा यांना चालणं लवकर जमलं, आणि धक्का बसला तरी हे जास्त सावरले.