मीटिंगची किल्ली कोणाकडे?

(सांगलीतील हळद आणि बेदाणा व्यापाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, हल्ली परदेशातला खरेदीदार व्हिडिओवरच म्हणतो, हळकुंड मोडून आतला रंग दाखवा. म्हणजे माल बघणं, भाव ठरवणं, सगळं पडद्यावर. मग प्रश्न येतो, 'झूम चायनीज आहे ना हो?'

नाही. कंपनी अमेरिकन आहे, कॅलिफोर्नियातली. पण शंका अगदीच हवेतली नव्हती. एप्रिल २०२० मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने अमेरिका आणि कॅनडा यांच्यात चाचणी कॉल लावला, तर त्याच्या एन्क्रिप्शनची, म्हणजे बोलणं कुलूपबंद करण्याची, किल्ली बीजिंगच्या सर्व्हरवरून आली. त्याच महिन्यात आपल्या गृह मंत्रालयाने सरकारी कामाला झूम वापरू नका, असं बजावलं. पुढे कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये एंड टू एंड एन्क्रिप्शन आणलं.

पण ते आपणहून चालू नसतं, सेटिंगमध्ये जाऊन लावावं लागतं. साधं एन्क्रिप्शन हरिपूरच्या पेवासारखं, हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यासारखं असतं: माल आत बंद, पण पेववाल्याला तोंड उघडता येतं. एंड टू एंडमध्ये किल्ली फक्त बोलणाऱ्यांच्या यंत्रांवर राहते, कंपनीकडे नाही. त्याची किंमतही आहे. क्लाउड रेकॉर्डिंग होत नाही आणि साध्या फोनवरून कोणाला जोडता येत नाही. माझं मत विचाराल तर रोजच्या गप्पांना हे लागत नाही. भाव आणि पार्ट्यांची नावं निघणार असतील तर लावाच. ॲप देशी असो की विदेशी, किल्ली कोणाकडे, हाच प्रश्न विचारायचा.

बाकीचं पाच मिनिटांचं काम आहे. दर मीटिंगला नवा आयडी आणि पासवर्ड, वेटिंग रूम चालू, सगळे आले की मीटिंग लॉक. होस्टने शेवटी नुसतं 'लीव्ह' करू नये, 'एंड फॉर ऑल' दाबावं. लिंक व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथे तुमचा स्पर्धकही बसलेला असतो!

खरी गळती स्क्रीन शेअरमधून होते. कोटेशन दाखवायला अख्खा डेस्कटॉप शेअर करतो आणि मागे हिशेबाचं टॅली उघडं असतं, दुसऱ्या पार्टीचं खातं समोर. वरून मेसेज टपकतो, 'त्याला दोन रुपये कमी सांग.' म्हणून एकच विंडो शेअर करा आणि नोटिफिकेशन बंद ठेवा. यात कुठल्या परदेशी सर्व्हरचा दोष?

आणखी एक. आजकाल मीटिंगमध्ये 'नोटटेकर' असं काहीतरी नाव दिसतं. तो माणूस नसतो, बोलणं उतरवून घेणारा बॉट असतो, आणि तो मजकूर तिसऱ्याच कंपनीकडे जातो. कोणी आणला ते विचारा, नको असेल तर सरळ काढा. त्यात उद्धटपणा काही नाही.

आता पैशाचं. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपले वित्तप्रमुख आणि सहकारी पाहिले आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. ते सगळे चेहरे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे होते. सुरुवातीला ईमेल आला तेव्हा त्याला संशय आला होता. चेहरे दिसले आणि संशय गेला. म्हणून पार्टी मीटिंगमध्ये 'आमचं बँक खातं बदललंय' म्हणाली, तर हो म्हणा, कॉल बंद करा आणि तुमच्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. मीटिंगमध्ये दिलेल्या नव्या नंबरवर नाही. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेलाही कळवा, दोन्ही एकाच वेळी.