आधी ट्यूब घालवा

(सांगलीत व्हिडिओ पॉडकास्ट करणाऱ्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी आयोजकांनी विचारलं, "स्टेजवरचे सगळे लाइट लावू ना?" मी म्हटलं, निम्मे घालवा. माझं व्याख्यान खरं तर एवढंच आहे. चहा यायला वेळ आहे म्हणून पुढचं बोलतो.

मी मूळचा लग्नाच्या शूटिंगवाला. मागं पोरगं हजार वॅटचा हॅलोजन उंच धरून उभं, नवरदेव घामानं निथळतोय, नवरीचे डोळे मिटलेले आणि भटजी म्हणतायत, "अहो, तो दिवा जरा तिकडं करा." जितका उजेड जास्त तितकं शूटिंग चांगलं, हाच आमचा हिशोब. आता कुणी द्राक्षावर पॉडकास्ट करतंय, कुणी स्पर्धा परीक्षांवर, आणि लाइट लावायला आम्हालाच बोलावतात. हॅलोजनची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली.

माझं पहिलं सांगणं, आधी खोलीतली ट्यूब घालवा. तिच्यावर एवढा राग का? एक तर ती डोक्यावरून उजेड टाकते, डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते, बोलणारा चार रात्री जागल्यासारखा दिसतो. दुसरं, ती ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), निळसर. तुम्ही हौसेनं कोपऱ्यात लावलेला दिवा ३०००चा, पिवळा. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय, हे एकच सांगता येतं. एक गाल निळा, एक पिवळा.

तिसऱ्या कारणापायी मी तोंडघशी पडलोय. एका निवृत्त गुरुजींची दीड तासाची मुलाखत. "अंधार वाटतो हो," म्हणाले, म्हणून त्यांची जुनी चोकवाली ट्यूब चालू ठेवली. घरी येऊन फुटेज बघतो तर भिंतीवरून काळपट पट्टे संथपणे वर सरकतायत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या आणि दर फेरीत उजेड दोनदा खाली, त्यामुळं अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. माझा शटर १/६० वर, म्हणजे दर चित्राला सेकंदाचा साठावा भाग उघडा. तो ६० हर्ट्झवाल्या देशांचा हिशोब. १/५० किंवा १/१०० ठेवला असता तर काही झालं नसतं. गुरुजींना पुन्हा खुर्चीत बसवायचं धाडस मला झालं नाही. स्वस्तातले एलईडी तर मंद केले की आपल्याच तालावर लुकलुकतात, तिथं १/५० पण वाचवेलच असं नाही. विकत घ्यायच्या आधी दुकानातच मोबाइलवर स्लो मोशन लावून दिव्याचा व्हिडिओ घ्या. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

आता मुख्य दिवा. तो मोठा हवा आणि जवळ हवा. आषाढात आभाळ भरून आलं की अंगणात सावली पडत नाही, कारण अख्खं आभाळच दिवा झालेलं असतं. मला हे शिकवलं मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्या कारागिरांनी. ते शेजारी नवा तंबोरा ठेवून बसले होते, चपड्याचं पॉलिश इतकं की त्यात भांग पाडावा. त्या भोपळ्यावर माझा उघडा एलईडी पॅनल उमटलेला, एकेक दाणा मोजता येईल असा. पॅनल डावीकडं नेला, ठिपका सरकला. उजवीकडं नेला, तिकडं सरकला. गोल वस्तू ती, चहूकडचं दाखवणारच. माणसाच्या कपाळाला पावडर मारता येते, तंबोऱ्याला कोण मारणार? शेवटी तेच म्हणाले, "दिव्याला धोतर नेसवा की." खरंच आतून पांढरं धोतर आणलं. दोन स्टँडवर ताणून पॅनलपुढं धरलं आणि ठिपक्याच्या जागी लांबट, मऊ चमक आली. भोपळ्याची गोलाई पहिल्यांदा दिसली. चकाकत्या वस्तूवर आपल्याला दिसतो तो दिवाच. त्याचा आकार बदलला की चमकेचा बदलतो. घामेजलेलं कपाळ म्हणजे तरी काय, छोटा भोपळाच.

धोतरानं उजेड बराच खाल्ला, म्हणून दिवा पुढं ओढला, आणि मागची पोपडे आलेली भिंत आपोआप अंधारात गेली. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागं २ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढा उजेड मिळतो. तोच दिवा चेहऱ्यापासून ३ मीटरवर न्या, भिंतीला चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मिळेल आणि कॅलेंडरवरची एकादशीसुद्धा वाचता येईल. हे गणित उघड्या, छोट्या दिव्याचं. कापडामागच्या दिव्याचं थोडं इकडंतिकडं होतं, पण कल असाच राहतो.

रंगाचं बोलू. डब्यावर "सीआरआय ९०" छापलेलं असतं, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी मार्क. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीचा. गडद लाल त्या आठांत नाहीच. आणि आपल्या कातडीत सगळा खेळ लालाचा. म्हणून मी बॅगेत दोन पुड्या ठेवतो, हळद आणि कुंकू. हळद हिरवट दिसली किंवा कुंकू विटकरी झालं, तर दिवा परत. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात ही परीक्षा फुकटात होते. पाहुण्यांना "गोरं दाखवा" म्हणून उजेड चढवणाऱ्यांना मात्र माझ्याकडं औषध नाही. सावळ्या चेहऱ्यावरची झाक जळून गेली की समोर मैद्याचा गोळा उरतो.

दोघं समोरासमोर असतील तर कॅमेऱ्यापासून दूरच्या दोन कोपऱ्यांत एकेक दिवा लावा. एकाच्या तोंडावरचा उजेड दुसऱ्याच्या खांद्यावर आणि केसांवर मागून पडतो, दोन दिव्यांत चार दिव्यांचं काम होतं. खिडकीचा उजेड सुंदर, पण ढग आला की पाचव्या मिनिटाचा आणि पन्नासाव्या मिनिटाचा चेहरा वेगळा, मग रील कापताना रडायचं. पडदा ओढा. मोबाइल असेल तर एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं) लॉक करा.

राहिला चष्मा. दिवा वर आणि बाजूला सरकवत राहायचं, काचेतून तो निघून जाईपर्यंत. तरी नाही गेला तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलायच्या, काच खाली झुकते. हे सांगून समजत नाही. ती मागची ट्यूब घालवा, तो पडदा ओढा. काका, तुमचा चष्मा जाड आहे, या इकडं, बसा या खुर्चीत.