आठास एक : काकांच्या कॉन्टेसाचे पिस्टन

[दृश्य : वडोदरा, दांडिया बाजारातला जुना वाडा. अंगणात पांढरी कॉन्टेसा, बॉनेट उघडं, इंजिनाची जागा रिकामी.]

हा पिस्टन समोरून धडधाकट दिसतो. जरा फिरवून बघा. वरच्या दोन रिंगांच्या मधे जी बारीक भिंत असते, ती इथे नखाएवढी उडालीय. हा तिसऱ्या सिलिंडरचा. मे महिन्यातली दुपार, भरूचच्या वाटेवर काका एका ट्रकला ओव्हरटेक करत होते. आधी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. काकांनी पाय उचलला नाही. मग आरशात निळा धूर दिसला.

गाडी हिंदुस्तान मोटर्सची, इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन असलेली. ही कंपनी 1942 साली सुरू झाली ती आपल्या गुजरातेत, ओखा बंदरावर. बंगालात ती नंतर गेली. काका हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात, म्हणून इथेही सांगून टाकतो.

या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, ज्यांनी बसवला, त्यांचं नाव नको. काम सुबक होतं. पण इंजिन उघडलंच नव्हतं. आत मूळचेच ओतीव पिस्टन. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, तोही मूळचाच.

[दृश्य : मकरपुरा औद्योगिक वसाहतीतली वर्कशॉप. लेथच्या बाजूला टेबलावर उलटं ठेवलेलं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण.]

मोहरीचा तो आवाज म्हणजे नॉकिंग. ठिणगी पडली की आग प्लगपासून कडेकडे पसरत जाते. कडेला उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण फार तापलेलं आणि दाबलेलं असेल, तर ते आगीची वाट बघत नाही, आपणहून भडकतं. तो दणका पिस्टनच्या कडेवर बसतो. ओतीव पिस्टन ठिसूळ. तो वाकत नाही, तुटतो.

आता मे महिन्याचा हिशोब. बाहेर 43 अंश. टर्बोने अर्धा बार दाब दिला, म्हणजे हवा दीडपट दाबली. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे 103 अंशांची. सिलिंडरमध्ये ती अजून दाबायची आहेच! जानेवारीतल्या सकाळी 15 अंशांत हाच आकडा 70 च्या आसपास येतो. गाडी आठ महिने गुण्यागोविंदाने चालली आणि उन्हाळ्यात गेली, ती यामुळे. मधे बरा इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारा रेडिएटर, असता, तर 103 चे 60 झाले असते. पिस्टनची ऑर्डर देण्याआधी मी इंटरकूलरला पैसे काढायला लावले. काका कुरकुरले. बंपरच्या जाळीमागे तो दिसतो, ही त्यांची खरी तक्रार.

मग कॉम्प्रेशन किती ठेवायचं? मिस्त्रींचं मत सरळ होतं : "टर्बो आहे ना, मग सात करून टाका, निश्चिंत." जुन्या काळी तसंच करत. 1973 च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोचं कॉम्प्रेशन 6.9 होतं, पोर्शच्या पहिल्या 911 टर्बोचं 6.5. त्या गाड्यांना ना इंटरकूलर होता, ना नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर. उलट टोकाला ओल्डस्मोबिलची जेटफायर. 1962 साली कॉम्प्रेशन 10.25, वर टर्बो! नॉकिंग थांबवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारायचं. टाकी रिकामी झाली की लोक ती भरायला विसरायचे.

कॉम्प्रेशन नऊवरून आठवर आणलं, तर कागदावर तीन-साडेतीन टक्के ताकद जाते. अर्ध्या बारचा टर्बो त्याच्या कितीतरी पट परत देतो. साडेसहावर आणलं, तर दहा टक्के जातात आणि मांडवी-रावपुऱ्याच्या गर्दीत टर्बो जागा व्हायच्या आधीची गाडी बैलगाडी होते. काकांची गाडी नव्वद टक्के वेळ तिथेच असते. म्हणून आठ.

[दृश्य : जवळून. हेडच्या कडेला ग्रीसचं बोट, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच, ब्युरेटमधून रंगीत द्रव उतरतोय.]

हा भाग मला सगळ्यात आवडतो. हेडमधली जागा किती, ते मोजायचं. मॅन्युअलमधला आकडा नव्या इंजिनाचा. हे हेड किती वेळा घासलंय कोण जाणे. प्लग लावायचा, व्हॉल्व्ह बंद, काच चिकटवायची आणि थेंब थेंब भरायचं. शेवटचा बुडबुडा निघायला हेड थोडं कलतं करावं लागतं. भरलं 49 सीसी. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गास्केटच्या जाडीतली जागा 5.7. पिस्टन वर आला तरी ब्लॉकच्या तोंडापासून 0.4 मिलिमीटर खाली राहत होता, त्याचे 2.2. एकूण 56.9.

बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, 84 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 82, म्हणजे एका सिलिंडरचे 454 सीसी. त्यात 56.9 मिळवा आणि 56.9 ने भागा. नऊ! नवाला एक, वर टर्बो, वर मे महिना.

आठ हवे असतील तर वर 64.9 सीसी जागा लागते. ती आणायची कुठून? जाड गास्केट टाकणं स्वस्त, आणि बहुतेक जण तेच करतात. माझ्या मते हीच चूक. हेडचा सपाट भाग आणि पिस्टनची कड यांच्यात मिलिमीटरभर फट असली, की पिस्टन वर येताना तिथलं मिश्रण पिळून मधे फेकलं जातं, ढवळतं, लवकर जळतं. फट वाढवली की तेच मिश्रण कडेला पडून राहतं आणि तापतं. कॉम्प्रेशन कमी करूनही नॉकिंग होतं, मग लोक पेट्रोलला शिव्या देतात.

म्हणून जागा पिस्टनच्या डोक्यातच खोदायची. पिनचं भोक 0.4 मिलिमीटर खाली घेतलं, म्हणजे पिस्टन ब्लॉकच्या तोंडाशी आला आणि फट एक मिलिमीटर झाली. डोक्यात 10.2 सीसीचा वाटीसारखा खोलगा, कडेची सपाट पट्टी शाबूत. जुन्याच पिस्टनचं डोकं लेथवर खरवडून हे होत नाही. खाली धातू उरतच नाही.

[दृश्य : नवे चार पिस्टन, मायक्रोमीटर.]

नवे पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे ओतलेले नाहीत, दाबून घडवलेले. त्यातही दोन जाती. 4032 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन सुमारे 12 टक्के, तो कमी फुगतो, बोअरमध्ये आवाज करत नाही. 2618 मध्ये सिलिकॉन नावापुरतं. तो मार जास्त सोसतो, पण फुगतो, म्हणून बोअरमध्ये ढिला बसवायचा. अर्ध्या बारला 4032 पुरला असता. पण काका आवाज ऐकूनही पाय उचलत नाहीत, हे धरून मी 2618 घेतले.

रिंगांच्या तोंडाची, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली, फटही वाढवली, साध्या इंजिनाच्या 0.34 ऐवजी 0.5 मिलिमीटर. टर्बोत वरची रिंग जास्त तापते. तोंडं एकमेकांना भिडली तर तीच भिंत पुन्हा उडते.

[दृश्य : पहाट, वाड्याचं अंगण. इंजिन सुरू.]

टक-टक-टक. काकूंनी माडीवरून विचारलं, "अहो, परत गेली का?" काका म्हणाले, "पिस्टन थंड आहेत गं. गरम होऊ दे." पाच मिनिटांनी आवाज निवला.

पहिले हजार किलोमीटर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, बंद. मग प्लग काढून भिंगाखाली धरले. नॉकिंग झालं की चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे मिरीएवढेही नसलेले चकचकीत ठिपके दिसतात. चारही प्लग कोरे होते. काकांनी स्पॅनर उचलला आणि बूस्टची नळी जोडली.